आगीला तारीख होती

पचमढीच्या पठाराखाली बोरी नावाचं सागवानाचं जंगल आहे. हिंदुस्थानात वणव्याविरुद्धची सरकारी मोहीम सुरू झाली ती इथे, 1864च्या सुमारास. त्याआधी हे रान भभूतसिंह या कोरकू जहागीरदाराच्या ताब्यात होतं. 1857च्या उठावात तो इंग्रजांवर उठला, पुढे पकडला गेला आणि त्याचं जंगल सरकारजमा झालं. 1865 साली ते राखीव ठरलं. मध्य प्रांताच्या जंगलांचा कारभार तेव्हा पिअर्सन या लष्करी अधिकाऱ्याकडे होता. बोरीत आग शिरू द्यायची नाही, असं त्याने ठरवलं. ते जमेल यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता, कारण उन्हाळा आला की सातपुडा पेटायचाच. पिअर्सनने हद्दीवरचे पट्टे साफ करून घेतले, राखणीला माणसं ठेवली, आणि बोरी जळायचं थांबलं. वनखात्याचा पहिला महानिरीक्षक ब्रँडिस याने हाच दाखला देशभर पुढे केला: बोरीत जमलं, मग बाकीकडे का जमू नये?

घाई होती ती लाकडाची. ठाण्याची गाडी 1853 साली धावली, आणि 1870 पर्यंत रूळ मुंबईहून जबलपूरला भिडले. दर मैलाला दीड-दोन हजार स्लीपर लागायचे, तेही वाळवीला दाद न देणाऱ्या लाकडाचे. सागाच्या प्रत्येक सरळ खोडाला किंमत आली. अशा खोडाच्या बुंध्याला आगीची झळ बसली की साल फाटते, तिथून कुज शिरते आणि दहा-वीस वर्षांनी झाड पाडावं तर आत पोकळ निघतं. म्हणून आग म्हणजे नुकसान, आणि आग लावणारा म्हणजे गुन्हेगार. हिशेब साधा होता आणि सागाच्या ओंडक्यापुरता खराही होता.

माझी नोकरी वनखात्यात गेली, आधी मेळघाटात आणि मग गडचिरोलीत. मे महिन्यातला वणवा काय असतो ते मी जवळून पाहिलं आहे. बांबूच्या बेटात तो शिरला की कांड्या फुटण्याचा आवाज मैलभर ऐकू येतो, आणि पावसाळ्यात त्याच उतारावरून माती ओढ्यात जाताना दिसते. त्यामुळे वणव्याची बाजू घ्यायला मी हे लिहीत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. बोरीनंतरच्या पन्नास-साठ वर्षांत आपल्या जंगलातून वणवा गेला नाही. गेली ती माणसाने ठरवून, वेळ पाहून, हद्द आखून लावलेली आग. जंगल परत उभं करायचं तर लाकूडतोडीइतकंच या आगीचंही शास्त्र लागतं. ते ज्यांना ठाऊक होतं त्यांना आपण जंगलाबाहेर काढलं होतं.

अशी आग आपल्याकडे होती याचा सगळ्यांत चांगला पुरावा जंगलात नाही, कोकणातल्या आणि मावळातल्या खाचरांत आहे. राब भाजणं हे भातशेतीचं पहिलं काम. तरव्याच्या, म्हणजे रोपं वाढवायच्या, जागेवर शेणाचा थर द्यायचा, त्यावर ऐन-किंजळाच्या छाटलेल्या डहाळ्यांचं कवळ, त्यावर पातेरा आणि गवत, आणि सगळ्यावर बारीक माती. माती कशासाठी? तर आग भडकू नये, दबून चालावी म्हणून. पेटवायचं वाऱ्याच्या उलट्या टोकाकडून, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध हळूहळू सरकते आणि जमीन खोलवर भाजून निघते. तण मरतं, राख मुरते, आणि पाऊस पडला की रोप तरारून येतं. वाऱ्याची दिशा, जळणाची जाडी, ओल, तारीख हे सगळं त्या शेतकऱ्याच्या हिशेबात होतं. आज नियंत्रित जाळणाच्या प्रशिक्षणात ज्या गोष्टी फळ्यावर लिहून शिकवतात, त्याच या.

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत जंगलं राखीव झाली तेव्हा भांडण पेटलं ते याच कवळावरून. सरकार म्हणे, फांद्या छाटून तुम्ही झाडं मारता. शेतकरी म्हणत, कवळ नाही तर राब नाही, राब नाही तर भात नाही. तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला 1885 साली वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 मध्ये आला. आमच्या खात्याच्या इतिहासात या आयोगाचा उल्लेख ओझरता येतो, याचं मला वाईट वाटतं. कारण जंगल कोणाचं या प्रश्नाबरोबर जंगलात विस्तव कोणी आणि कसा वापरायचा, हा प्रश्न महाराष्ट्रात इतक्या लवकर आणि इतक्या उघडपणे मांडला गेला होता.

सातपुड्यात कोरकू आणि गोंड दह्या करत, मंडल्याकडे बैगा बेवर करत. उताराचा एक तुकडा तोडायचा, वाळवायचा, पावसाच्या तोंडावर जाळायचा, दोन-तीन वर्षं कोदो-कुटकी घ्यायची आणि तो तुकडा सोडून पुढे जायचं. बैगांपुरतं ते 1890 मध्ये सरकारने एका चकात, म्हणजे आखून दिलेल्या तुकड्यात, कोंडलं, इतरत्र बंद केलं. त्या शेतीने झाडं गेली हे खरं. पण जाळलेल्या, सोडलेल्या, पुन्हा वाढणाऱ्या अशा तुकड्यांमुळे डोंगर वेगवेगळ्या वयाच्या रानाने भरलेला असे, आणि एका टोकाला लागलेली आग दुसऱ्या टोकापर्यंत सलग पोचत नसे, हेही तितकंच खरं.

1878च्या कायद्याने राखीव जंगलात विस्तव लावणं हा गुन्हा ठरला. 1927च्या कायद्यात तेच कलम 26 झालं, आणि ते आजही चालू आहे. त्या कलमातली एक तरतूद वाचण्यासारखी आहे: जाणूनबुजून किंवा घोर हलगर्जीपणाने आग लागली, तर शिक्षा झालेली असो वा नसो, त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क सरकार हवी तितकी मुदत थांबवू शकतं. म्हणजे आग लावली एकाने, आणि गुरं बंद झाली गावाची. त्याच कायद्याच्या कलम 79 प्रमाणे ज्यांना जंगलात हक्क किंवा परवाना आहे, त्यांनी वणवा दिसल्यास कळवणं आणि विझवायला धावणं बंधनकारक. विझवण्याची सक्ती आणि लावण्याची बंदी, असं माणसाचं आगीशी नातं कागदावर उरलं.

त्याचा परिणाम कुमाऊंमध्ये दिसला. 1911 ते 1917 या काळात तिथले चिडाचे डोंगर राखीव केले गेले. चिडाच्या सुया वाळून घसरड्या होतात आणि खाली गवत येत नाही, म्हणून पहाडी लोक हिवाळा सरताना त्या जाळत. पावसानंतर गुरांना गवत मिळे. ते बंद झालं. 1916 मध्ये आणि मग 1921 मध्ये कुमाऊं पेटलं, पण आता ती गवतासाठी लावलेली आग नव्हती. राळेसाठी राखलेलं जंगल जळालं पाहिजे म्हणून लावलेली होती, भर उन्हाळ्यात, वारा असताना. सरकारने तक्रारींची समिती नेमली, बरंच जंगल मोकळं केलं, आणि 1931 मध्ये वनपंचायतींचे नियम आले. जंगल गावाच्या हाती देण्याचा सरकारी प्रयोग आपल्या देशात असा आगीच्या मार्गाने आला.

पण खात्याच्या आतही सगळे एका मताचे नव्हते, आणि या लोकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. 1896 साली ‘इंडियन फॉरेस्टर’ मासिकात स्लेड या अधिकाऱ्याने ब्रह्मदेशाबद्दल लेख लिहिला आणि मथळ्यातच सांगितलं की तिथे आगीपासून संरक्षण जरुरीपेक्षा जास्त होतं आहे. ब्रह्मदेशाच्या ओल्या सागवानात आग थांबवल्यावर बांबू आणि सदाहरित झुडपं इतकी माजली की सागाचं एक रोप उन्हापर्यंत पोचेना. मोठी झाडं दिमाखात उभी, पण त्यांच्याखाली त्यांची पिढीच नाही. बंगालच्या दुआरात आणि आसामात साल वृक्षाची तीच गत झाली. वर्षानुवर्षं राखलेल्या सालाच्या जंगलात साल उगवायचं थांबलं होतं. तीस-एक वर्षं वाद चालला. 1920च्या दशकात अनेक प्रांतांत लवकरच्या, थंडीतल्या जाळणाला पुन्हा परवानगी मिळाली. ती माणुसकीपोटी मिळाली नाही. झाड उगवत नाही, उद्या तोडायला लाकूड नसेल, हे दिसलं म्हणून मिळाली.

सागाचं रोप पाहिलं की हे का घडतं ते कळतं. त्याचं फळ टणक कवचाचं. ऊन, पाऊस, कधी हलकी आच यांनी ते सैल झालं तरच नीट उगवतं. उगवलेलं रोप पहिल्या उन्हाळ्यात जळतं, दुसऱ्या उन्हाळ्यातही जळतं. दर वेळी वरचा कोंब जातो, पण खाली मूळ जाड होत राहतं. मेळघाटात मी असं रोप उकरून पाहिलं आहे: वर वीतभर काडी आणि खाली मनगटाएवढं गाजरासारखं मूळ. काही वर्षांनी त्या मुळात पुरेसा साठा झाला आणि वरून उजेड मिळाला, की एका पावसाळ्यात कोंब पुरुषभर उंच जातो आणि पुढच्या आगीच्या वर निसटतो. म्हणजे सागाला दोन गोष्टी लागतात. डोक्यावरची गर्दी हटली पाहिजे आणि आग थंड असली पाहिजे, तीही दरवर्षी नाही. दरवर्षी आग आली तर तो कोंब निसटूच शकत नाही, आणि मेळघाटासारख्या कोरड्या रानात जमीन टणक होते. आग कधीच आली नाही तर खाली इतका पाचोळा आणि झाडोरा साचतो की शेवटी येते ती मे महिन्यातली, सगळं खाणारी.

ब्रँडिसचा एक धागा इथून अमेरिकेपर्यंत जातो. तिथल्या वनखात्याचा पहिला प्रमुख गिफर्ड पिंचो तरुणपणी ब्रँडिसच्या सल्ल्याने युरोपात वनशास्त्र शिकला आणि त्याला गुरू मानत राहिला. 1910च्या भीषण वणव्यानंतर अमेरिकेने आगीवर सरसकट बंदी घातली. 1935 पासून तर नियमच होता की आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत आटोक्यात आणायची. आपल्याकडचे अधिकारी जाळणाकडे परत वळत होते त्याच काळात हे चाललं होतं. ॲरिझोनातल्या पाँडेरोसा पाइनच्या जंगलांत जिथे एकरी वीस-पंचवीस मोठी झाडं असत, तिथे हजारावर काटकुळी झाडं दाटली, आणि 2002 व 2011 मध्ये लाखो एकर जळाले. 2009 मध्ये त्यांनी कायदा केला आणि वनखातं, लाकूडवाले, निसर्गप्रेमी, स्थानिक लोक यांना एका योजनेत बसवून बारीक झाडं काढायची, मग ठरवून जाळायचं, असं दहा-दहा वर्षांचं काम हाती घेतलं. तिथल्या अपाची लोकांच्या राखीव क्षेत्रात ठरवून जाळण्याचं काम 1940च्या दशकातच सुरू झालं होतं, हे मला विशेष लक्षात राहिलं.

आपल्याकडे माणसाने लावलेली आग खात्यात एकाच रूपात टिकून राहिली: जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला आधीच जाळून ठेवलेला पट्टा. महाराष्ट्रात आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात, आणि जाळरेषा त्याआधी जाळून पुऱ्या व्हाव्या लागतात. दिवाळीनंतर, गवत अर्धं हिरवं असताना, रेषेच्या दोन्ही कडा कापून साफ करतात. मधलं गवत वाळू देतात. मग जानेवारीत एखाद्या संध्याकाळी, दवाची चाहूल लागली की पेटवतात. माणसं दोन्ही कडांना हिरवे डहाळे घेऊन उभी. आग गुडघ्याच्या वर जाऊ द्यायची नाही. कडेला जीभ आली की डहाळ्याने दाबायची, झोडायची नाही, कारण झोडलं की ठिणग्या उडतात. हे दाबणं-झोडणं मला एका म्हाताऱ्या कोरकू वनमजुराने शिकवलं. तो पेटवण्याआधी चिमूटभर राख हवेत सोडायचा. एकदा सगळी तयारी झालेली, सूर्य टेकलेला, वरिष्ठांना काम पुरं झाल्याचं कळवायचं होतं, आणि तो म्हणाला, “साहेब, आज नको. वारा दरीतून वर येतो आहे, रात्री फिरेल.” आम्ही डहाळे टाकून परत आलो. रात्री वारा फिरला. त्या माणसाच्या हजेरीपत्रकात ‘मजूर’ एवढंच लिहिलेलं असे.

आगीप्रमाणे कुऱ्हाडीलाही माप होतं. कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, पाडायचा तर आधी कक्षात फिरून झाडं निवडायची. निवडलेल्या झाडाला छातीच्या उंचीवर साल तासून क्रमांक घालायचा, आणि दुसरी खूण बुडाशी, अगदी जमिनीलगत, सरकारी हातोड्याने. झाड पडलं, ओंडका गेला, तरी थुटावर हातोड्याचा ठसा राहतो आणि हे झाड परवान्याने गेलं की चोरीने ते कळतं. कोणतं झाड ठेवायचं हा खरा प्रश्न. वाकडं, पोकळ, दाबलेलं काढा. सरळ बीजधारी ठेवा. दोन चांगल्या झाडांत गर्दी असेल तर एक काढा. हे विरळणीचं काम नीट झालेला सागवान मी पाहिला आहे. खाली ऊन येतं, गवत येतं, चितळ येतं. पण कूप सुटल्यावर फांद्या-डहाळ्यांचा कचरा तिथेच पडून राहतो, आणि तो जागच्या जागी, हिवाळ्यात जाळला नाही तर पुढच्या वणव्याला तेच जळण. तोड आणि जाळ ही एकाच कामाची दोन टोकं आहेत. आमच्याकडे मात्र तोडीचं वेळापत्रक कार्य आयोजनेत असे, आणि जाळणाचं जाळरेषेपुढे काहीच नसे.

लोकांना सोबत घेऊन लाकूड वाढवता येतं, हे 1972 मध्ये बंगालच्या मिदनापूर जिल्ह्यात अराबारीला सिद्ध झालं. अजित बॅनर्जी या वनाधिकाऱ्याने 1,272 हेक्टर उजाड सालवन अकरा गावांतल्या 618 कुटुंबांच्या राखणीत दिलं आणि पुढे लाकूड निघेल त्यातल्या निव्वळ उत्पन्नाचा चौथा हिस्सा त्यांना देऊ केला. सालाची थुटं जिवंत होती. गुरं आणि कुऱ्हाड आवरताच ती फुटली, आणि दहा-पंधरा वर्षांत तिथे रान उभं राहिलं. 1990 मध्ये केंद्राचं संयुक्त वनव्यवस्थापनाचं परिपत्रक आलं, त्यामागे हे उदाहरण होतं. पण वाटणी लाकडाची होती. निर्णयाची नव्हती, आणि आगीची तर नव्हतीच.

गडचिरोलीत आगीचा धागा तेंदूशी जोडलेला आहे. एप्रिल-मे मध्ये पान तोडायचं, सत्तर पानांचा पुडा बांधायचा आणि फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचा. महिनाभरात घरात येणारा हा वर्षातला मोठा रोख पैसा. तेंदूचं झुडूप छाटलं किंवा जाळलं की नवं, मऊ, मोठं पान फुटतं, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये आग लावतात. मोहाखाली फुलं वेचायला जमीन स्वच्छ हवी, म्हणून तिथेही. ही आग कोणी मापून लावत नाही, कारण लावणाऱ्याला लपून लावायची असते. पेटवायचं आणि निघून जायचं. थांबून कडा राखणारा माणूस गुन्ह्याच्या जागी सापडतो. दीडशे वर्षांच्या बंदीने आग कमी झाली नाही, तिच्या शेजारी उभा राहणारा माणूस तेवढा नाहीसा झाला.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 मध्ये त्या ग्रामसभेने स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावाला 2012 मध्ये हक्क मिळाला. पाचगावने बांबूची विक्री सुरू केली, आणि तेंदूची तोड गावाने आपणहून बंद केली: पानासाठी आग लागते, झाडं छाटली जातात, फळ धरत नाही, म्हणून. हातातला पैसा सोडून गावाने हे ठरवलं. खात्याच्या कोणत्याही आदेशाने हे आजवर झालं नव्हतं.

कर्नाटकात बिळिगिरीरंगन डोंगरावरचे सोलिगा दुसऱ्या टोकाचं सांगतात. ते पाचोळ्याची हलकी आग लावत, वर्षाच्या सुरुवातीला, गवत पुरतं वाळण्याआधी. 1974 नंतर अभयारण्यात ती बंद झाली. पुढे घाणेरी रानभर पसरली, आवळ्यावर बांडगूळ वाढलं आणि आवळ्याचं उत्पन्न घटलं. आमची हलकी आग दोन्हींना आवरत होती, असं सोलिगा सांगतात, आणि संशोधकांनी त्यांचं म्हणणं गांभीर्याने घेतलं आहे. म्हणजे एका गावाला आग नको आहे आणि दुसऱ्या डोंगराला हवी आहे. हे त्या-त्या जागेचं रान, जमीन आणि झाडं पाहूनच ठरतं, मुंबईत किंवा बंगळुरात बसून नाही.

आता उपग्रहावरून आगीची सूचना वनरक्षकाच्या मोबाइलवर येते, पाचोळा उडवायला ब्लोअर आले आहेत, आणि हे सगळं उपयोगाचं आहे. पण ती सूचना आग लागल्यानंतर येते. वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा, पुन्हा उभारण्याचा आणि सांभाळण्याचा अधिकार दिला. तिच्या व्यवस्थापन आराखड्यात बांबूचं वय आहे, चराईबंदीचे तुकडे आहेत, पाण्याचे बंधारे आहेत. आगीचं पान मात्र मी पाहिलेल्या आराखड्यांत जवळजवळ कोरं असतं, कारण विस्तव लावणं कलम 26 प्रमाणे गुन्हा आहे, आणि गुन्ह्याचं नियोजन कोण लिहून देणार?

पण त्या कलमाचं दुसरं पोटकलमही आहे. वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने केलेल्या कृत्याला ही बंदी लागू नाही, असं त्यात साफ लिहिलं आहे. दर जानेवारीत एका कागदावर कक्ष क्रमांक, पंधरवडा, कडा राखणाऱ्यांची नावं आणि वारा फिरला तर काम थांबवण्याचा अधिकार कोणाचा, एवढं लिहून ग्रामसभेचा अध्यक्ष आणि वनक्षेत्रपाल यांनी खाली सही करायची. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. ही सोय 1927 पासून पुस्तकात आहे.